खाणीची धूळ आधी मोजा


मोशीतील दगडखाणी आणि खडी क्रशरविरुद्ध तक्रार करणारे ‘खाणी आधी, सोसायट्या नंतर’ हे विसरतात, असे एका वाचकाने लिहिले आहे. हे मला मान्य नाही. १९९७ मध्ये मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, तेव्हाच वस्ती वाढणार हे उघड होते. शिवाय कायदा कोण आधी आले हे विचारत नाही.

पर्यावरण संरक्षण नियमांनुसार क्रशरपासून ठरावीक अंतरावर तरंगती धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. धूळ दाबणारी यंत्रणा, वारा अडवणारी भिंत, पक्का रस्ता, कडेने झाडे हेही बंधनकारक आहे. दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ५ हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली.

चाकणचे कारखाने आणि आपली घरे खडीवरच उभी आहेत, हे त्या वाचकाचे म्हणणे खरे आहे. खाणी बंद करा, असे आम्ही म्हणतच नाही. पण यंत्रे थांबलेली असताना पाहणी केली, तर त्यातून काय कळणार? प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महसूल विभागाने क्रशर चालू असताना, तक्रारदारांच्या देखत मोजणी करून आकडे जाहीर करावेत. सुरुंगाचा हादरा घराच्या जोत्याशी मोजावा.

आम्ही निदान खिडक्या लावून घेतो. खाणकामगार दिवसभर त्याच धुळीत उभे असतात. ही मोजणी त्यांच्यासाठी आधी हवी.

– एक रहिवासी, मोशी