न दिसणारे सहकारी

नगर जिल्हा म्हटलं की पहिला शब्द आठवतो तो 'सहकार'. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला कारखाना आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण या धंद्यात काही सहकारी असे आहेत की ज्यांना ना शेअर, ना बोनस, ना वार्षिक सभेचं निमंत्रण! ते म्हणजे सूक्ष्मजीव.

हसू नका. साखर काढून झाल्यावर उरलेली मळी, म्हणजे मोलॅसिस, डिस्टिलरीत जाते. तिथे यीस्ट तिच्यातली साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. गणित साधं आहे. १०० किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ किलो अल्कोहोल मिळतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड. आज आपल्या गाडीच्या पेट्रोलमध्ये जे इथेनॉल मिसळलेलं असतं, त्यातलं बरंच याच मंडळींच्या कष्टाचं. आणि हे सगळं तीस-बत्तीस डिग्रीला. उच्च दाब नको, महागडं कॅटॅलिस्ट नको. कुठलं मशीन इतक्या स्वस्तात राबेल?

तरीही आपण इंजिनिअरिंगवाले या मंडळींकडे ढुंकून पाहत नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. अकरावी-बारावीला आपल्यापैकी कित्येकांनी बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलं आणि 'सुटलो एकदाचे' म्हणून पेढे वाटले. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना तर 'जर्म्स' म्हणजे साबणाच्या जाहिरातीतले हिरवे व्हिलन, एवढंच शिकवलेलं. घरी आजी रोज रात्री दुधाला विरजण लावते, तेही एक स्टार्टर कल्चरच आहे, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मराठीत उत्साहावर विरजण पडतं म्हणतात. आपल्या बाबतीत उत्साह निर्माण व्हायच्या आधीच पडलं!

माझं म्हणणं एवढंच आहे, की सूक्ष्मजीव हा फक्त बायोवाल्यांचा विषय नाही, तो आपलाही आहे. आणि नगर जिल्ह्यात तर तो आधी आपला आहे.

कसं ते सांगतो. अल्कोहोल काढून घेतलं की मागे उरतो स्पेंटवॉश. चहापेक्षा गडद, वास असा की नाक धरावं. जुन्या पद्धतीत एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो, कच्च्या स्पेंटवॉशचा चाळीस-पन्नास हजार! हे पाणी नीट हाताळलं नाही तर आसपासच्या विहिरींचा रंग बदलतो, आणि ज्या जिल्ह्याचा बराचसा भाग दुष्काळी आहे तिथे विहीर खराब होणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

यावर उपाय पुन्हा सूक्ष्मजीवच. हवाबंद डायजेस्टरमध्ये एक टोळी मोठे रेणू फोडते, दुसरी त्यांचे आम्ल बनवते आणि तिसरी त्या आम्लापासून मिथेन वायू. म्हणजे घाण कमी आणि वर बॉयलरला इंधन. गावाकडच्या गोबर गॅसचंच हे मोठं भावंड.

यातली गंमत म्हणजे तिसरी टोळी बॅक्टेरिया नाहीच. ती आहे आर्किया, म्हणजे जीवसृष्टीची एक वेगळीच शाखा. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये ती प्रथम वेगळी ओळखली. या आर्कियांचे भाऊबंद तुम्ही टीव्हीवर पाहिले आहेत. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर अचानक गुलाबी झालं होतं, आठवतं? उल्केच्या आघाताने झालेला तो खड्डा, पाणी खारट आणि पीएच दहाच्या आसपास. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा कळलं, की हा रंग हॅलोआर्किया या मीठप्रेमी जीवांचा. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि यांचं राज्य आलं. नमुना तसाच ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी स्वच्छ झालं!

लोणारचा धडा डायजेस्टरलाही लागू पडतो. परिस्थिती बदलली की कुणाचं राज्य ते बदलतं. फीड एकदम वाढवला, तापमान घसरलं, की आम्ल बनवणारे पुढे पळतात, मिथेनवाले मागे राहतात, पीएच पडतो आणि सगळा डायजेस्टर आंबतो. मग पुन्हा घडी बसायला कित्येक दिवस जातात.

आता सांगा, तापमान, पीएच, फीड रेट, मिक्सिंग हे शब्द कुठल्या सिलॅबसमधले आहेत? डिस्टिलेशनमधून जवळजवळ उकळता निघालेला स्पेंटवॉश सदतीस डिग्रीपर्यंत थंड करणं, ही मेकॅनिकलची हीट एक्स्चेंजरची प्रॉब्लेम झाली. पीएच पडायच्या आधी ओळखणं ही इन्स्ट्रुमेंटेशनची. सेन्सरच्या आकड्यांवरून उद्याचा अंदाज बांधणं ही कॉम्प्युटरची. टाकी गळू न देणं ही सिव्हिलची. एकही ब्रँच सुटत नाही!

कुणी म्हणेल, यात स्कोप कुठे आहे? कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला याच अल्कोहोलपासून इथाइल अ‍ॅसिटेटसारखी केमिकल्स बनतात. आणि स्कोप सांगून येतो थोडाच? अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यात थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा बॅक्टेरिया सापडला, तेव्हा त्याचा उपयोग काय ते कुणाला माहीत होतं? त्याच्याच उष्णता सोसणाऱ्या एन्झाइमने पुढे पीसीआर तंत्र सोपं केलं आणि २०२० मध्ये जगभर कितीतरी कोविड टेस्ट पीसीआरवर झाल्या. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 'हॅमायसिन' हे बुरशीवरचं औषध सापडलं, तेही मातीतल्या एका जीवापासून. त्याचं नावच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'! आपल्या मातीत काय दडलंय, कुणी सांगावं?

दुसरी तक्रार अशी, की कारखाने विद्यार्थ्यांना आत घेत नाहीत. काही घेत नसतीलही. पण होस्टेलच्या मेसमध्ये रोज उरणाऱ्या अन्नावर दोनशे लिटरच्या ड्रममध्ये बायोगॅस बनवायला कुणाची परवानगी लागते? रेक्टर सरांची, बस्स! तिथे सहा महिने पीएच आणि गॅसचे आकडे घेतले, की वही घेऊन कारखान्याच्या केमिस्टसमोर ताठ मानेने बसता येईल.

दरवर्षी फायनल इयरला आपण तेच ते प्रोजेक्ट करतो. काही जण तर पुण्यातून रेडीमेड उचलतात, व्हायवा होतो आणि मॉडेल माळ्यावर जातं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आपल्या जिल्ह्याचा सगळ्यात चिकट, सगळ्यात वास मारणारा प्रश्न आपल्या कॉलेजपासून सायकलच्या अंतरावर आहे, आणि तो सोडवायला तयार असलेले कोट्यवधी कामगार ड्रममध्ये फुकट राबतील. त्यांना फक्त योग्य तापमान, योग्य पीएच आणि वेळेवर जेवण हवं. तेवढी सोय करणाऱ्यालाच तर इंजिनिअर म्हणतात ना?