मीटर बदलेल, किलोमीटरचे काय?

मोटारसायकलचे मूळ मीटर काढून त्या जागी स्वतः जुळवलेला डिजिटल डॅशबोर्ड बसवणे हे काम आता निवडक अभियंत्यांपुरते उरलेले नाही. काही शे रुपयांत मिळणारा ईएसपी-३२ किंवा आर्ड्युइनो जातीचा मायक्रोकंट्रोलर, एक छोटा रंगीत पडदा आणि चाकाजवळचा चुंबकीय सेन्सर एवढ्या सामग्रीवर हौशी तरुण वेग, इंजिनाचे फेरे, बॅटरीचा व्होल्टेज व तापमान दाखवणारे यंत्र उभे करतात. त्यांच्या कसबाचे कौतुक रास्तच आहे. मात्र मीटर हा गाडीचा साजही असतो आणि पुरावाही. या दुसऱ्या बाजूकडे हौशी मंडळी, कंपन्या आणि सरकार या तिघांचेही दुर्लक्ष झाले आहे.

हौसेमागे कारणे आहेत. बजाजच्या पल्सरवर २००६ मध्ये डिजिटल मीटर आले, टीव्हीएसच्या एनटॉर्क स्कूटरने २०१८ मध्ये ते मोबाइलला जोडले आणि रॉयल एनफील्डच्या नव्या हिमालयनने २०२३ मध्ये गोल पडद्यावर थेट नकाशा आणला. जुन्या गाडीच्या मालकालाही तसेच काही हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय यामाहा आरएक्स १०० सारख्या, १९९६ मध्येच उत्पादन थांबलेल्या गाडीचे अस्सल सुटे भाग मिळवणे ही एक तपश्चर्याच असते. त्या पिढीच्या मीटरमध्ये पुढच्या चाकापासून आलेली केबल एक चुंबक फिरवते आणि त्याच्या ओढीने काटा सरकतो. केबल तुटली, की सारेच थांबते. अशा वेळी घरगुती यंत्र हा चैनीचा नव्हे, गरजेचा मार्ग ठरतो.

अडचण अचूकतेपासून सुरू होते. १००/९०-१७ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९२ मीटर भरतो. चाकावर एकच चुंबक असेल, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला सेन्सरकडून सेकंदाला जेमतेम साडेआठ ठोके येतात. त्यावरून वेगाचा आकडा काढायचा. त्याच चाकावर ११०/९०-१७ टायर चढवला आणि परीघाचा आकडा बदलायचे राहून गेले, तर मीटर खऱ्या वेगापेक्षा सुमारे ३ टक्के कमी दाखवेल. ही चूक नेमकी धोक्याच्या दिशेची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार मीटरने थोडा अधिक वेग दाखवलेला चालतो, प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवलेला कधीही चालत नाही. भर पावसात पाणी शिरून किंवा दुपारच्या उन्हात आकडे दिसेनासे होऊन पडदा निरुपयोगी ठरतो, तो भाग वेगळाच.

त्याहून गंभीर प्रश्न एकूण किलोमीटरचा. घरी बनवलेल्या यंत्रात हा आकडा शून्यापासून सुरू होतो, किंवा बनवणारा हवा तो आकडा भरतो. प्रामाणिक माणूस जुन्या मीटरवरचाच भरेल. पण तो प्रामाणिक होता हे तिसऱ्या मालकाला कसे कळावे? जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवण्याची कला नवी नाही. आता त्यासाठी स्क्रूड्रायव्हरही लागणार नाही. अमेरिकेने १९७२ मध्येच यासाठी कायदा केला. नव्या मीटरवर जुना आकडा आणता येत नसेल, तर ते शून्यावर ठेवून बदलापूर्वीचा आकडा आणि तारीख लेखी चिकटवण्याचे बंधन तेथे आहे. जर्मनीत २००५ पासून मीटरमधील फेरफार हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आपल्याकडील कायद्याचे चित्र अर्धवट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. नोंदणीपुस्तकात इंजिन, चासी, रंग, इंधन यांची नोंद असते, मीटरची नसते. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मात्र कलम १८२-अ आणले. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गंमत अशी, की याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक दारही उघडले: केंद्र सरकार फेरबदलांचे निकष ठरवू शकते आणि त्या निकषांनुसार केलेल्या बदलामुळे कंपनीची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही.

नव्या गाड्यांत कुलूप कंपन्यांच्या हाती आहे. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या कॅन बस या पद्धतीत इंजिनाचा संगणक, एबीएस आणि मीटर एकाच तारांच्या जोडीवर परस्परांशी बोलतात. काही गाड्यांत चोरीविरोधी यंत्रणाही मीटरशी बांधलेली असते. मीटर काढले, की गाडी सुरूच होत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांबरोबर दुचाकींत बिघाड नोंदवणारी यंत्रणा आली. परंतु तारांवरून जाणाऱ्या कोणत्या संदेशाचा अर्थ काय, हे कंपन्या सहसा उघड करत नाहीत. मग हौशी माणूस चाचपडत तारा सोलतो आणि कधी एबीएसच्या सूचनेचा दिवाच हरवून बसतो. हा दिवा १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस सक्तीचे करताना जिवासाठीच मानला गेला होता.

तारांवरील माहिती केवळ वाचणे आणि त्यांवर संदेश लिहिणे यांत कायद्याने फरक केला, तर बराच गुंता सुटेल. वाचण्याची मुभा सर्वांना द्यावी आणि संदेशांचा अर्थ कंपन्यांना जाहीर करायला लावावा. मूळ मीटर जागेवर ठेवून शेजारी दुसरा पडदा लावणाऱ्याला कोणी अडवू नये. मूळ मीटर निघणारच असेल, तर त्या दिवसाचा आकडा परिवहन कार्यालयात नोंदवणे बंधनकारक असावे. कलम ५२ ने हे निकष लिहिण्याचा अधिकार केंद्राला २०१९ मध्येच दिला आहे.