आराखड्यात बिबट्याचं पान कुठे आहे?

चाकण एमआयडीसीत मी सेफ्टीचं काम पाहतो. आग लागली, गॅस गळला, कोणाला शॉक बसला तर काय करायचं, हे आमच्याकडे लिहून ठेवलेलं असतं. सायरन वाजला की असेंब्ली पॉइंटला कोणी कुठून जायचं, हजेरी कोणी घ्यायची, मेन स्विच कोणी पाडायचा, सगळं मॉक ड्रिलमध्ये घोटून घेतलेलं. शेडमध्ये जंगली जनावर शिरलं तर काय, याचं पान मात्र मी पाहिलेल्या एकाही आपत्कालीन आराखड्यात नाही. ते सक्तीचं करावं, एवढ्यासाठी हा लेख.

मार्च 2022 मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्यात बिबट्या शिरला. काम थांबलं, माणसं बाजूला झाली. जुन्नर वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचं पथक आलं, त्यांनी भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला धरलं. माणूसही वाचला, जनावरही. 9 डिसेंबर 2020 ला कोथरूडमध्ये गवा आला तेव्हा याच्या नेमकं उलट घडलं. गर्दी मागे लागली, तो जीव घेऊन पळत सुटला, जखमी झाला, अखेर पकडला गेला आणि मेला. दोन्हीकडे वन विभागच होता. फरक पडला तो जमावाचा. कंपनीला कुंपण असतं, गेट असतं, शिस्त असते. गर्दी आवरणं रस्त्यापेक्षा इथे कितीतरी सोपं आहे, म्हणून जबाबदारीही आमच्यावर जास्त आहे.

मी निघोज्याचा. आमच्या वावरावर आज ट्रक उभे राहतात. इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात शेड, गोदामं आणि ऊस एकमेकांना खेटून आहेत. कॅन्टीनचं उष्टं उघड्यावर पडलं की उंदीर आणि भटकी कुत्री जमतात. उंदरांमागे साप येतो, कुत्र्यांमागे बिबट्या. बिबट्या क्वचित दिसतो, सापाचा फोन मात्र पावसाळ्यात नेहमीचा. लाकडी पॅलेट उचलावा आणि खाली घोणस वेटोळं घालून बसलेली असावी. ती आधी पळत नाही, कुकरची शिट्टी सुटावी तशी फुत्कारते. तिथून चार पावलं मागे सरून फोर्कलिफ्ट बंद केली आणि सर्पमित्र येईपर्यंत नजर ठेवली, की निम्मं काम झालं. एका कंपनीत मात्र मी पोहोचेपर्यंत रॉडने ठेचलेली धामण ड्रेनेजच्या जाळीवर पडली होती. बिनविषारी, उंदीर खाणारी धामण! गार्डला कोणी कधी काही शिकवलेलंच नव्हतं, त्याला काय बोलणार?

बिबट्या पकडला की लगेच मागणी होते, ‘लांब जंगलात नेऊन सोडा.’ या मागणीला माझा विरोध आहे आणि त्याला कारण जुन्नरच आहे. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा 2011 चा अभ्यास सांगतो की 1993 ते 2001 या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. मग पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाला आणि 2001 ते 2003 मध्ये ही सरासरी 17 वर गेली. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, भरकटतं आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येऊन बसतं. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात 2025 मध्ये बिबट्याने लहान मुलं नेली. त्या आईबापांपुढे मी कुठला अभ्यास ठेवणार नाही. माणसावर हल्ला करणारा बिबट्या धरलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नुसता दिसला म्हणून धरायचा आणि शंभर किलोमीटरवर सोडायचा, यात तिथल्या कोणाचं तरी लेकरू आपण धोक्यात घालतो.

पुनर्वसन कसं असावं, ते ऊसतोडीच्या दिवसांत याच जिल्ह्यात बघायला मिळतं. तोडीत बिबट्याची पिल्लं सापडली की त्यांची तपासणी होते आणि संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच फडात, सापडल्या जागी ठेवली जातात. कॅमेरे लावून माणसं लांब थांबतात. अंधार पडला की मादी येते, क्रेट पाडते, मानेला धरून एकेक पिल्लू नेते. मादी आली नाही, तर त्या पिल्लाच्या नशिबी बहुधा जन्मभराचा पिंजरा.

या पट्ट्यात जखमी जनावराला जवळचा दवाखाना नाही. माणिकडोह जुन्नरच्या पलीकडे, दुसरं उपचार केंद्र बावधनला. तळेगाव चौकातल्या कोंडीत गाडी अडकली की मांज्याने पंख कापलेली घार वाटेतच जाते. चिंचवडचं बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय नूतनीकरणाच्या नावाखाली वर्षानुवर्षे बंद राहिलं. महापालिकेने आधी तिथे किंवा मोशीच्या बाजूला वन विभागासोबत उपचार केंद्र उभारावं, पिंजरे आणि तिकीटखिडकी नंतर. पैशाचं म्हणाल, तर कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या यादीत वन्यजीवरक्षण आणि प्राणिकल्याण दोन्ही आहेत, आणि सीएसआर देणाऱ्या कंपन्यांची इथे कमी नाही.

आराखड्यातलं पान तर फुकटात होईल. वन विभागाचा 1926 हा क्रमांक सिक्युरिटी केबिनमध्ये मोठ्या अक्षरात. जनावर दिसलं की त्या शेडचं काम बंद, दारं कोणी लावायची त्याचं नाव, मोबाइलवर शूटिंगला बंदी, पथकाच्या गाडीला गेटपासविना प्रवेश. आणि वर्षातून एक मॉक ड्रिल या पानाचं, तेही नाइट शिफ्टमध्ये, कारण बिबट्या बहुतेक रात्री फिरतो आणि रात्री गेटवर कंत्राटी गार्ड एकटा असतो.