झोपेचे गुण: घड्याळ मोजते किती, अंदाज करते किती?

ताग्यावर 'ए-वन क्वालिटी'चा शिक्का आहे म्हणून आपण माल उचलत नाही. भिंग लावून इंचात ताण्याचे धागे किती, बाण्याचे किती ते मोजतो, सूत कोणत्या काउंटचे ते विचारतो आणि मगच भावाचे बोलतो. पण हाच व्यापारी सकाळी उठून मनगटावरच्या घड्याळात 'झोप 62' हा आकडा पाहतो आणि काही न विचारता मान्य करतो. मग दिवसभर सांगत सुटतो की आज तबियत ठीक नाही, झोपेचे गुण कमी आले. हा आकडा बनतो कसा, हे एकदा समजून घ्यायला हवे.

घड्याळ प्रत्यक्ष मोजते ते दोन-तीन गोष्टींपुरतेच. आत हालचाल टिपणारा लहानसा सेन्सर असतो. हात किती हलला, कधी हलला याची तो नोंद ठेवतो. पाठीमागे हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातले रक्त कमी-जास्त होते, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो. त्यावरून नाडी आणि दोन ठोक्यांमधले अंतर कळते. काही महाग घड्याळे त्वचेचे तापमान व रक्तातला ऑक्सिजनही पाहतात. पट्टा सैल असेल तर यातही गडबड होते. यापुढचे सगळे गणित आहे.

झोपेची असल तपासणी इस्पितळात होते. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा लावतात, रात्रीचे 30-30 सेकंदांचे तुकडे पाडतात आणि कोणता तुकडा कोणत्या झोपेचा ते ठरवतात. स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, ती शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी 1953 साली जगापुढे मांडली. बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात, ही तिची खूण. घड्याळाला ना डोळे दिसतात, ना मेंदू. म्हणून तारा लावून झोपलेल्या माणसांच्या हातावर घड्याळही बांधतात, दोन्ही नोंदी जुळवतात आणि त्यातून हिशेबाची रीत बसवतात. गाढ झोपेत नाडी संथ व एकसारखी चालते. रेममध्ये शरीर निपचित असते, पण नाडी वरखाली होते. त्यावरून अंदाज बांधला जातो.

अंदाज अगदीच टाकाऊ नाही. एकूण किती तास झोपलात, हे घड्याळ बऱ्यापैकी सांगते. पण अडकलेल्या उधारीच्या चिंतेत छताकडे पाहत निपचित पडलेला माणूसही त्याला झोपलेला वाटू शकतो. आणि 'गाढ झोप 48 मिनिटे' असे जे लिहून येते, त्यावर भरोसा सर्वांत कमी ठेवावा.

आता गुणांचे पाहा. गुणांची वाटणी प्रत्येक कंपनीची आपापली. फिटबिटच्या पद्धतीत 100 पैकी 50 गुण झोपेच्या वेळेला, 25 गाढ व रेम झोपेला आणि 25 रात्रीच्या नाडीला व चुळबुळीला. ॲपलने 2025 साली आपली पद्धत आणली. तिच्यात 50 गुण झोपेच्या वेळेला, 30 रोज ठरल्या वेळी झोपण्याला आणि 20 मध्ये जाग न येण्याला. गाढ झोपेला गुणच नाहीत! रात्र तीच, माणूस तोच, तरी दोन घड्याळांचे दोन आकडे येणार.

ते 30 गुण आपल्या लोकांनी नीट पाहावेत. मालेगाव-भिवंडीत लूमवर एक आठवडा दिवसपाळी, दुसरा आठवडा रात्रपाळी करणारा कारागीर सात तास शांत झोपला तरी त्याचे गुण कापले जाणार. रोज ठरल्या वेळी झोपणे तब्येतीला चांगले, हे खरेच आहे. पण पाळी त्याच्या हातात नाही. रमजानमध्ये सहरीला उठणाऱ्याची झोपही दोन तुकड्यांत होते, आकडा खाली येतो. त्यात घाबरण्यासारखे काय?

आकड्याच्या धास्तीनेच झोप उडवून घेणारे लोकही आहेत. 2017 साली अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांनी या प्रकाराला 'ऑर्थोसोम्निया' असे नावच दिले. रोजचे गुण पाहण्यापेक्षा आठवड्याची सरासरी सात तासांच्या खाली जाते का, तेवढे पाहिले तरी पुष्कळ.

मला जास्त धोका वाटतो तो चांगल्या आकड्याचा. झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा एक आजार आहे, स्लीप ॲप्निया. त्याने रक्तदाब वाढतो, गाडी चालवताना डोळा लागतो. असा माणूस आठ तास पडून राहिला तर आकडा 85 सुद्धा येऊ शकतो. 2024 मध्ये सॅमसंग व ॲपलच्या घड्याळांतील या आजाराची सूचना देणाऱ्या सोयीला अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण ती सोय गुणांहून वेगळी आहे आणि तेही निदान नव्हे. म्हणून जो मोठ्याने घोरतो, ज्याचा श्वास झोपेत थांबतो असे घरची माणसे सांगतात, जो भर दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेतो, त्याने घड्याळ काढून ठेवावे आणि छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावे. आता घरी नेऊन रात्रभर लावायचे तपासणी यंत्रही मिळते, त्यासाठी दुकान बंद ठेवावे लागत नाही.