रूममेटची डिसेंबरची रजा

नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या संसारात (मी आणि माझा रूममेट, दोघंही आयटीवाले, दोघंही बिनलग्नाचे) दरवर्षी एक भांडण ठरलेलं. दिवाळीला अख्खं ऑफिस बॅगा भरत असतं आणि हा पठ्ठ्या रजा साठवून ठेवतो. कशासाठी? तर डिसेंबरसाठी! मला आधी वाटलं, गोवा, थर्टी फर्स्ट वगैरे असणार.

कसलं काय! आसामात दिब्रुगडजवळ त्याच्या देउतांचा, म्हणजे बाबांचा, दहा बिघ्यांचा चहाचा मळा आहे. जेमतेम सव्वातीन एकर. चहाचा मळा म्हटलं की आपल्याला साहेबाचा बंगला आणि मैलोन् मैल हिरवळ दिसते. पण १९७८ च्या सुमारापासून तिथल्या साध्या शेतकरी घरांनीही चहा लावायला सुरुवात केली. आज देशातला निम्म्याहून जास्त चहा अशा छोट्या मळ्यांतल्या पानांचा असतो. पत्र्या मारुतीपाशी आपण अमृततुल्य मारतो ना, त्यातही यांचं पान असणार.

याचं कॅलेंडरच वेगळं. मार्चमध्ये पाऊस शिंपडला की पहिली फूट. मे-जूनमध्ये दुसरी; रंग, कडकपणा सगळा तिच्यात, आणि भावही बरा. जुलै ते सप्टेंबर पान उदंड, दर आठ-दहा दिवसांनी तोडणी, पण भाव पडलेला. दिवाळीत शेवटची तोडणी चालू, तेव्हा घरी गप्पा मारायलाही कुणी मोकळं नसतं. डिसेंबरात झाडं झोपतात आणि छाटणी सुरू होते. तासगावच्या मामाकडची द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी मी पाहिलीय, त्यामुळे छाटणीला घरचा माणूस का लागतो, हे मला सांगावं लागलं नाही.

पावसाळ्यात रोज रात्री त्याचा फोन, आणि पहिला प्रश्न, ‘आजि किमान?’ मला वाटायचं, हा किमान भाव विचारतोय. नंतर कळलं, असमियात ‘किमान’ म्हणजे ‘किती’! गंमत वाटली, पण फार वेळ नाही. छोट्या शेतकऱ्याकडे फॅक्टरी नसते. तोडलेलं पान त्याच दिवशी फॅक्टरीत पोचलं पाहिजे, नाहीतर तापतं, लाल पडतं. साधारण साडेचार किलो पानाचा एक किलो चहा होतो. पान ढिगात तापत असताना घासाघीस कोण करणार? समोरचा सांगेल तो भाव. किती हे रोज विचारायचं, किमान काही मिळेल याची खात्री नाही.

गेल्या डिसेंबरात तो निघाला, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चहाला थांबलो होतो. पितळी पातेल्यात चहा उकळत होता. तो एकदम म्हणाला, ‘देउतांचे गुडघे गेलेत. म्हणतात, यंदाची छाटणी तू कर आणि मग सांग, मळा ठेवायचा की विकायचा.’

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, ‘विकून टाक ना. इथे पगार आहे, प्रमोशन येतंय.’

तो चिडला नाही. म्हणाला, ‘ती झुडपं माझ्याएवढी आहेत रे. त्यांच्यावरच माझी फी भरली गेली.’

काय बोलणार? आपण दोन रुपयांनी कटिंग महागला की दुकानदाराशी हुज्जत घालतो. मी गप्प राहिलो, बिल मात्र मी दिलं.

जानेवारीत तो परत आला, तळहाताला फोड घेऊन. विचारलं, ‘मग काय ठरलं?’ म्हणाला, ‘छाटल्यावर नुसत्या काड्या दिसतात. मार्चमध्ये फूट बघू, मग सांगतो.’

मार्च गेला. त्याने अजून सांगितलेलं नाही, मीही खोदून विचारत नाही. फक्त रात्री त्याचा फोन संपला की आता मीच विचारतो, ‘आजि किमान?’