आधी घोडा, मग तंबू

अमेरिकेतील मोंटाना राज्यात बॉब मार्शल नावाचे विस्तीर्ण डोंगरी अरण्य आहे. १९६४ च्या कायद्यान्वये तेथे मोटारींना मज्जाव आहे. म्हणून कित्येक प्रवासी घोड्यांवरून जातात व रानातच मुक्काम करतात.

या सफरीचा बेत आखताना पुष्कळजण आधी तंबू नि भांडी मोजतात. हा क्रम उफराटा होय. मुक्कामाची जागा घोड्याची गरज पाहून ठरवावी. त्याला दिवसाला ३०-४० लिटर पाणी लागते! चाराही तणाच्या बियांपासून मुक्त असाच न्यावा लागतो. एरवी परके तण अरण्यात रुजते.

रात्री घोडा बुंध्याशी बांधणे सोपे खरे. परंतु कंटाळलेला घोडा खुरांनी झाडाची मुळे उघडी पाडतो. त्यापेक्षा दोन झाडांमध्ये उंच दोर ताणून त्याला तो बांधावा. या कामी स्वाराचे जेवण लांबले, तरी हरकत नाही.