आधी गंज, मग पडदे
ब्रिटनमध्ये बेताच्या पैशांत जुनी कॅम्परव्हॅन घ्यायला निघालेली मंडळी भुलतात ती आतल्या लाकडी कपाटांना, फुलाफुलांच्या पडद्यांना. जाणकार मात्र आधी गाडीखाली वाकतो. चाकांवरच्या कमानी आणि दाराखालचा पत्रा गंजाने खाल्ला असेल, तर वरच्या नव्या रंगाला काय चाटायचे? फोक्सवागनची टी-फोर (१९९० ते २००३) अजून पळते, पण तिथे नावाचेही पैसे मोजावे लागतात. तेवढ्याच पैशांत फोर्ड ट्रान्झिट बरीच अलीकडची मिळते. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तिच्या वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास फुकट दिसतो: कधी, कशात नापास झाली, मीटरवर आकडा किती होता. मीटर मागे फिरवलेला असेल तर चोरी बहुधा इथेच उघडी पडते. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागावी, छताचे कोपरे बोटाने दाबून ओल तपासावी. लंडनला जाणे-येणे असेल तर युरो ६ या प्रदूषण-निकषात न बसणाऱ्या डिझेल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात, तेही हिशेबात धरावेत. आणि इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. मालकाने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता पुन्हा जावे.